मध्यवस्तीतील घर : व्यवहार, कायदा आणि शेजारधर्म



रत्नागिरी हे नाव उच्चारताच महाराष्ट्राच्या मनात समुद्र, हापूस आणि लोकमान्य उभे राहतात. रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाच्या मनात मात्र आळ्या, नाके आणि वाड्या उभ्या राहतात. टिळक आळी, राम आळी, तेली आळी, झाडगाव, मांडवी, गोखले नाका, धनजी नाका ही नावे केवळ पत्त्यापुरती नाहीत. प्रत्येक नावामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे. याच आळ्यांतील जांभ्या दगडाची कौलारू घरे गेल्या काही दशकांत एकामागून एक उतरली आणि त्यांच्या जागी तीनमजली, चारमजली इमारती उभ्या राहिल्या. ज्या परसात एकेकाळी विहीर, माड आणि तुळशीवृंदावन होते तेथे आज वाहनतळ आहे. याबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हळहळीने घर मिळत नाही. मध्यवस्तीत सदनिका घेऊ पाहणाऱ्या सामान्य कुटुंबाने काय पाहावे, काय तपासावे आणि घर मिळाल्यावर कसे नांदावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

मध्यवस्तीच कशासाठी?

शहराबाहेर जागा मोकळी मिळते, वारा मिळतो, दरही काहीसा कमी असतो. असे असूनही अनेक कुटुंबे गजबजलेल्या मध्यवस्तीकडेच वळतात. त्यात दोन प्रकारची माणसे प्रामुख्याने दिसतात. पहिला प्रकार मुंबईत उमेदीची वर्षे घालवून परतणाऱ्या चाकरमान्याचा. गावचे घर सामायिक, वाट लांबची, पावसाळ्यात एकाकी. अशा वेळी पती-पत्नी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खोल्यांचा आधार शोधतात. दुसरा प्रकार संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर या तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी येणाऱ्या नोकरदार कुटुंबाचा. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यापासून मुंबई-रत्नागिरी हे अंतर मनानेही कमी झाले आणि या दोन्ही ओघांना वेग आला.

या दोघांची गरज एकच असते. पायी जाता येईल अशा अंतरावर जीवन असावे. सत्तरीच्या गृहस्थाला वाहन न काढता बाजार गाठता यावा, देवळात जाता यावे, औषध आणता यावे. मुलांना रस्ता ओलांडून शाळा गाठता यावी. १८२८ साली स्थापन झालेले जिल्हा नगर वाचनालय, शाळा-महाविद्यालये, न्यायालय, बसस्थानक ही सारी एका फेरफटक्यात येतात, हेच मध्यवस्तीचे खरे मोल. शिमग्यात श्रीदेव भैरीची पालखी शहरातून फिरते तेव्हा ती पाहण्यासाठी वाहनतळ शोधावा लागत नाही, हेही मोल थोडके नव्हे.

पण गजबज ही दुधारी असते. जी बाजारपेठ सकाळी सोयीची वाटते तीच रात्री नकोशी होते. मालवाहू गाड्या, मासळीचा वास, लग्नसराईतील कर्णे, अरुंद रस्त्यावरची कोंडी हे सारे त्या घराबरोबरच विकत घेतले जाते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आणि व्यापारी भागात ६५ व ५५ डेसिबल अशी मर्यादा आहे. कागदावरील मर्यादा आणि रस्त्यावरील आवाज यांत किती अंतर असते हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून घर रविवारी दुपारी एकदा पाहून ठरवू नये. बाजाराच्या दिवशी सकाळी पाहावे, रात्री दहानंतर पाहावे आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यात पाहावे.

कोकणात हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि वर्षभर खारी हवा, या दोहोंपुढे कच्चे बांधकाम टिकत नाही. स्लॅबला ओल धरली की आतील लोखंड गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि सिमेंटचे पापुद्रे सुटू लागतात. एप्रिलमध्ये रंग दिलेली भिंत काहीच सांगत नाही. जुलैमधील भिंत सर्व काही सांगते. पश्चिमेकडील भिंत, गच्चीखालचा मजला, न्हाणीघराखालचे छत आणि खिडकीच्या चौकटी पावसात पाहिल्या तर बांधणाऱ्याच्या सचोटीचा दाखला तेथेच मिळतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. मध्यवस्ती म्हणजे बहुधा जुनी वस्ती, आणि जुनी वस्ती अनेकदा नदी-खाडीकाठी सखल भागात वसलेली असते, हा धडा त्या दिवसाने साऱ्या जिल्ह्याला दिला. पाणी कोठपर्यंत येते हे शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारावे. पिण्याच्या पाण्याचीही तीच गोष्ट. शहराची मदार शीळ धरणावर आहे. इमारतीला स्वतःची विहीर अथवा कूपनलिका आहे का, टाकी किती मोठी आहे, एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवावा लागतो का, हे प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

सातबारा, सिटी सर्व्हे आणि विसरलेली बहीण

यापुढचा भाग काहीसा रूक्ष आहे, परंतु अश्रू याच भागातून उगम पावतात.

मध्यवस्तीतील बहुतेक इमारती जुन्या घरांच्या जागी उभ्या राहतात. ते घर आजोबांच्या नावावर असते. आजोबांचे चार मुलगे व दोन मुली. एक मुलगा रत्नागिरीत, दोघे मुंबईत, एक बडोद्यात. मुली सासरी. विकासकाशी करार करताना भावांच्या सह्या होतात. बहिणींना विचारण्याची पद्धत नसते. ‘ती काही मागणार नाही’ असे गृहीत धरले जाते. पुढे इमारत उभी राहते, बारा कुटुंबे आयुष्याची पुंजी ओतून राहायला येतात आणि एके दिवशी न्यायालयाचे समन्स येते. दोष बारा कुटुंबांचा नसतो, बहिणीचाही नसतो. पण झळ सर्वांनाच बसते.

कायदा याबाबत सुस्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वारसा दिलाच होता. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या दिवसापूर्वी विवाह न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध सहदायाद मानले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेदही संपविला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा अधिकार जन्माने मिळतो आणि २००५ च्या त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या रीतसर वाटपाला मात्र बाधा येत नाही. म्हणून मालमत्ता पत्रकावर कोणाची नावे आहेत एवढेच पाहून थांबू नये. कोणाची नावे असायला हवी होती, हेही पाहावे. वंशावळ मागावी, फेरफार मागावेत, बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र अथवा संमती आहे का ते पाहावे. किमान तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून घ्यावा. विकासकाच्या वकिलाचा अहवाल हा विकासकाचा असतो.

येथे कायद्याच्या पलीकडचीही एक गोष्ट आहे. ज्या समाजात भाऊबीज घरोघरी होते त्या समाजात बहिणीची सही चुकवून घर बांधले जावे, हे शोभादायक नाही. तिने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. परंतु तो तिने समजून-उमजून, आपल्या हाताने सोडला पाहिजे.

आणखी तीन गोष्टी रत्नागिरीसारख्या जुन्या शहरात विशेषत्वाने तपासाव्या लागतात. एक, जुन्या घराच्या ओटीवर वा तळमजल्यावर भाडेकरू होते का? असतील तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार त्यांचे हक्क कसे मिटविले गेले? दोन, जागा देवस्थानाची वा सार्वजनिक न्यासाची आहे का? तशी असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीविना तिचे हस्तांतर होऊ शकत नाही. तीन, मांडवी, भाट्ये, मिरकरवाडा या किनारी अथवा खाडीलगतच्या भागात जागा असेल तर किनारा नियमन क्षेत्राची मर्यादा कोठून जाते? १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन अधिसूचना निघाल्या आहेत. इमारतीची परवानगी कोणत्या अधिसूचनेखाली मिळाली हे विचारलेच पाहिजे.

लहान भूखंड, मोठी जोखीम

स्थावर संपदा कायदा, २०१६ हा १ मे २०१७ पासून पूर्णत्वाने लागू झाला आणि महारेराची ओळख घराघरात झाली. चटई क्षेत्राची एकच व्याख्या आली. बाहेरील भिंती, बाल्कनी व खुली गच्ची वगळून आतील वापरायोग्य क्षेत्र म्हणजे चटई क्षेत्र. आतील दुभाजक भिंती मात्र त्यात धरल्या जातात. ‘बिल्टअप’ आणि ‘सुपर बिल्टअप’ या शब्दांच्या धुक्यात ग्राहकाला फिरविण्याचे दिवस त्यामुळे संपायला हवेत. ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी स्वतंत्र खात्यात ठेवणे, नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम न घेणे आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष विनामूल्य दूर करणे, ही बंधने विकासकावर आली. गळक्या छताच्या कोकणात या पाच वर्षांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मात्र या कायद्यात एक मर्यादा आहे आणि ती नेमकी लहान शहरांच्या मध्यवस्तीत जाणवते. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही, अथवा ज्यातील सदनिका आठपेक्षा अधिक नाहीत, त्याला महारेराकडे नोंदणी बंधनकारक नाही. रत्नागिरीच्या आळीतील जुन्या घराची जागा बहुधा केवढी असते? पाच-सहा गुंठ्यांचे घर-परसू म्हणजे मोठे घर, आणि पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०० चौरस मीटरच. म्हणजेच अनेक छोट्या इमारती नोंदणीच्या कक्षेबाहेर राहतात. ‘आमच्या प्रकल्पाला रेरा लागत नाही’ हे विकासकाचे विधान खरेही असू शकते. परंतु ‘लागत नाही’ याचा अर्थ ‘कोणताच कायदा लागत नाही’ असा होत नाही. महाराष्ट्राचा मोफा म्हणजे मालकी हक्काच्या सदनिकांचा १९६३ चा कायदा अशा वेळी उपयोगी पडतो. लेखी करार करून त्याची नोंदणी केल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही, असे तो सांगतो. याच कायद्याच्या २००८ मधील दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला केला. विकासकाने जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करून दिली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ती मिळविता येते. सदनिकेची किल्ली हाती आली म्हणजे घर पूर्ण झाले, असे मानणारे सदनिकाधारक जमिनीला विसरतात. आणि तीस-चाळीस वर्षांनी पुनर्बांधणीची वेळ आली की ती जमीन अजूनही दुसऱ्याच्याच नावावर असल्याचे कळते.

वाहनतळाचाही प्रश्न असाच. इमारतीच्या खांबांमधील मोकळी जागा सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात मोफा कायद्याच्या आधारे दिला. तरीही साध्या पावतीवर ‘पार्किंग’चे लाखभर रुपये मोजणारे गृहस्थ भेटतातच.

कागदपत्रांची यादी लांबलचक असली तरी गाभा थोडाच आहे. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, बिगरशेतीचा आदेश, नगर परिषदेचा मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र. यांतील शेवटचे नसेल तर ते घर कायद्याच्या दृष्टीने अपुरे आहे, मग त्यात गृहप्रवेशाची पूजा झालेली का असेना. मंजूर नकाशा हातात घेऊन इमारतीभोवती एक प्रदक्षिणा घालावी. नकाशात नसलेला मजला, नसलेले दुकान अथवा बुजलेली सामासिक जागा सामान्य माणसालाही ओळखता येते.

अंथरूण आणि पाय

आता पैशाचा हिशेब. जाहिरातीतील किंमत ही अखेरची किंमत नसते. मुद्रांक शुल्क असते, किमतीच्या एक टक्का परंतु ३० हजार रुपयांच्या मर्यादेत नोंदणी फी असते. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर वस्तू व सेवा कर पडतो. महानगरांबाहेर ४५ लाखांपर्यंतच्या व ९० चौरस मीटरपर्यंतच्या घराला १ टक्का, इतर घरांना ५ टक्के अशी रचना एप्रिल २०१९ पासून आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर हा कर लागत नाही. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत एप्रिल २०२१ पासून मिळते. ज्या घरात गृहिणीचा दिवस सर्वांत अधिक जातो त्या घराच्या कागदावर तिचे नाव असावे, यासाठी खरे तर सवलतीची वाट पाहण्याचे कारण नाही.

कर्जाचे गणित प्रत्येकाने कागदावर मांडावे. ३० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षे मुदत असे धरले तर मासिक हप्ता सुमारे २६ हजार रुपये येतो आणि अखेरपर्यंत सुमारे साडेबासष्ट लाख भरले जातात. तेच कर्ज १५ वर्षांत फेडायचे ठरविले तर हप्ता सुमारे साडेएकोणतीस हजार होतो आणि एकूण भरणा ५३ लाखांच्या आसपास राहतो. महिन्याला साडेतीन हजारांचा संयम म्हणजे शेवटी नऊ लाखांहून अधिक बचत. निवृत्तीनंतर परतणाऱ्या चाकरमान्याने तर आणखी एक पथ्य पाळावे. डोंबिवली वा ठाण्याची जागा विकून आलेली सारी रक्कम नव्या भिंतींत घालू नये. उतारवयात घराइतकीच हाताशी असलेल्या रकमेची गरज असते.

जुनी सदनिका घेणाऱ्यांनी संस्थेचा हिशेब पाहावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड सांगितला आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, तीस वर्षांपुढील इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हावी, असेही सुचविले आहे. ज्या संस्थेत निधी नाही आणि तपासणीही नाही, तेथील स्वस्त सदनिका अखेर महागच पडते.

फसवणूक झालीच तर हातावर हात ठेवून बसू नये. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ साली आला आणि १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणीला ‘सेवा’ म्हणून त्यात स्थान मिळाले. आज २०१९ चा नवा कायदा लागू आहे. लहान भूखंडावरील, महारेराच्या नोंदणीबाहेरील सदनिकाधारकाला जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे.

एका जिन्याची संस्कृती

श्रोतेहो, घर कागदांनी मिळते, पण घरपण शेजाराने येते. सहकारी गृहनिर्माणाचा आपल्याकडील इतिहास हेच सांगतो. १९१५ साली मुंबईच्या गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. श्रीपाद सुब्बराव तालमकी हे त्या कार्याचे प्रणेते. कारवार-मंगळूरकडून मुंबईत आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना महानगराच्या ऐन मध्यवस्तीत परवडणारे आणि सन्मानाचे घर मिळावे, यासाठी त्यांनी परस्परविश्वासाची पुंजी उभी केली. विकासक नव्हता, दलाल नव्हता. राहणारेच मालक होते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही दृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

तथापि त्या काळाची सोय आणि आजचा आदर्श यांत फरक केला पाहिजे. एकाच ज्ञातीने एकत्र राहावे, ही तेव्हाची गरज होती. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, विशिष्ट समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारा उपविधी कायद्याने वैध ठरविला. न्यायालयाने वैध म्हटले म्हणून ते सर्वत्र इष्ट ठरते काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी रत्नागिरीहून अधिक योग्य भूमी दुसरी नाही.

१९२४ ते १९३७ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर येथे स्थानबद्ध होते. राजकारणाला बंदी होती. त्यांनी समाजकारण हाती घेतले. शाळांत मुले जातिनिहाय वेगळी बसत, ती सरमिसळ बसावीत म्हणून त्यांनी आग्रह धरला. सहभोजने घडवून आणली. १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले आणि त्याची दारे सर्व हिंदूंना सारखी उघडी झाली. ते मंदिर ज्यांनी स्वखर्चाने उभारले ते दानशूर भागोजीशेठ कीर हे याच मातीतले. गरिबीतून मुंबईला जाऊन बांधकाम व्यवसायात नावारूपास आलेले, म्हणजे आजच्या भाषेत विकासक. दादरच्या स्मशानभूमीसाठी जागा देणारेही तेच. घर बांधणाऱ्या माणसाची उंची किती असू शकते, याचा हा वस्तुपाठ या गावानेच घालून दिला आहे.

जुन्या रत्नागिरीत आळ्या ज्ञातीनुसार विभागलेल्या होत्या. आजच्या इमारतीत तीच माणसे एका जिन्यावर आली. पहिल्या मजल्यावरचे वैश्य, दुसऱ्यावरचे भंडारी, तिसऱ्यावरचे ब्राह्मण आणि बौद्ध, तळमजल्यावर दुकान चालविणारा मुसलमान शेजारी, ही सारी एकाच टाकीचे पाणी पितात. जे सहभोजनाने साधावयाचे होते त्याची संधी येथे नित्य दाराशी उभी आहे. अशा वेळी ‘आमच्या सोसायटीत अमुक नको’, ‘मांसाहारी नको’, ‘त्या आडनावाला जागा देऊ नका’ असे ठराव, लेखी असोत वा कुजबुजीचे, ज्या इमारतीत होतात ती इमारत पतितपावन मंदिरापासून पायी अंतरावर असूनही त्यापासून फार दूर आहे.

शेजारधर्म म्हणजे मोठी व्याख्याने नव्हेत. वेळेवर देखभाल शुल्क भरणे, सभेला उपस्थित राहणे, तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजींच्या दारावर सकाळी एकदा थाप मारणे, गणपतीत आवाजाची मर्यादा स्वतःहून पाळणे आणि मुलांना जिन्यात खेळू देणे, एवढ्याने तो पुरा होतो. जांभ्या दगडाची घरे परत येणार नाहीत. परंतु त्या घरांच्या ओटीवर बसून वाटसरूला पाणी विचारणारी माणसे सिमेंटच्या इमारतीतही राहू शकतात. मध्यवस्तीत घर घेणाऱ्याने कागद डोळ्यांत तेल घालून तपासावेत, हप्ता अंथरुणाच्या मापाने ठरवावा, बहिणीची सही मागावी, आणि नव्या दारावर नावाची पाटी लावल्यावर पहिल्या दिवशी समोरच्या दारी जाऊन आपली ओळख सांगावी. घराचा पाया तेथून भरू लागतो.